वरुणा, असी आणि पाणलोटाचा हिशेब

काशीयात्रेस जाणारा मराठी माणूस गंगास्नान करतो, घाटांची शोभा पाहतो आणि अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास उभारलेल्या विश्वनाथ मंदिरात नतमस्तक होतो. ज्या दोन लहान नद्यांवरून ‘वाराणसी’ हे नाव पडले असे परंपरा मानते, त्या वरुणा आणि असी मात्र सहसा त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. असी आज केवळ नाल्याच्या रूपात उरली आहे. वरुणा उन्हाळ्यात क्षीण होते आणि शहराचे सांडपाणी वाहते. या नद्यांची अशी अवस्था का झाली, हे समजण्यासाठी प्रथम पाणलोट क्षेत्र म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे.

पाणलोट म्हणजे काय?

ज्या भूभागावर पडलेले पावसाचे पाणी उताराने वाहत एकाच ओढ्याला, नदीला वा तलावाला मिळते, तो भूभाग म्हणजे त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र होय. दोन पाणलोटांना विभागणाऱ्या उंचवट्याच्या रेषेस जलविभाजक म्हणतात. सह्याद्रीत ही रेषा डोंगरमाथ्यावर स्पष्ट दिसते. गंगेच्या सपाट मैदानात ती डोळ्यांना जाणवतही नाही. म्हणूनच तेथे पाणलोटाचा विसर लवकर पडतो.

पावसाचे काही पाणी वाहून जाते, काही बाष्परूपाने उडून जाते आणि काही जमिनीत मुरते. हे मुरलेले पाणी भूगर्भातून सावकाश नदीत झिरपते. पावसाळा संपल्यावर लहान नदी वाहते ती प्रामुख्याने याच आधारावर. भूजलाची पातळी नदीपात्राच्या खाली गेली, की नदीला पाणी मिळणे थांबते. उलट नदीचेच पाणी जमिनीत जाऊ लागते.

वाराणसीचा धडा

वरुणेचा उगम प्रयागराज जिल्ह्यात फुलपूर परिसरात आहे. तेथून पूर्वेकडे येत ती वाराणसीच्या उत्तरेस आदिकेशव घाटाजवळ गंगेस मिळते. म्हणजेच तिचे भवितव्य शहरातील काठापेक्षा मागच्या गावांतील शेते, तलाव आणि विहिरी अधिक ठरवितात. मैदानी प्रदेशात पाणी अडविण्याचे काम डोंगर नव्हे, तर तलाव, कुंडे आणि सखल पाणथळ जागा करतात. खुद्द वाराणसीतही अशी जलाशये पुष्कळ होती. १८२० च्या दशकात टाकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी भुयारी नाला काढून मत्स्योदरी तलावाचे पाणी गंगेकडे वळविले. त्यामागे शहराच्या आरोग्याचा विचार होता. परंतु पाणी साठण्याची एक नैसर्गिक जागा त्यामुळे कमी झाली. पुढे वाढत्या वस्तीने आणखी अनेक जागा व्यापल्या.

याची किंमत पुराच्या वेळी मोजावी लागते. गंगेची पातळी चढली, की तिचे पाणी वरुणेच्या पात्रात उलटे शिरते आणि काठच्या सखल वस्त्यांतील घरे पाण्याखाली जातात. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात ती ७३.९० मीटरपर्यंत पोहोचली होती. जी नदी उन्हाळ्यात कोरडी पडू पाहते, तीच पावसाळ्यात घरात शिरते. दोन्ही संकटांची तीव्रता वाढण्यामागे एक समान कारण आहे: पाणी थांबण्याच्या आणि मुरण्याच्या जागा कमी झाल्या.

गंगा कृती योजनेचा प्रारंभ १९८६ मध्ये वाराणसीतूनच झाला. सांडपाणी अडविणे व शुद्ध करणे हा तिचा मुख्य भर होता. ते काम अत्यावश्यकच आहे. पण स्वच्छ नदीत वाहते पाणीही हवे, आणि ते पाणलोटातूनच येते. २०२४ मध्ये भारत सरकार, काशी हिंदू विश्वविद्यालयातील आयआयटी आणि डेन्मार्क यांनी लहान नद्यांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारण्याचा करार करून वरुणेवर लक्ष केंद्रित केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

महाराष्ट्राचा अनुभव

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ‘माथा ते पायथा’ या क्रमाने पाणी अडविले. चर, बांध आणि वृक्षलागवड यांबरोबरच गावाने शेतीसाठी विंधन विहिरींवर बंदी घातली. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यानुसार पिके ठरविण्याची पद्धत घातली. पाण्याची जमा वाढविणे जितके महत्त्वाचे, तितकेच उचल मर्यादित ठेवणेही, हे या गावाने दाखवून दिले.

बँकिंग क्षेत्रालाही हा विषय परका नाही. नाबार्डमध्ये १९९९-२००० या वर्षी पाणलोट विकास निधी स्थापन झाला. विहिरीसाठी घेतलेल्या कर्जाची परतफेड अखेर त्या विहिरीस लागणाऱ्या पाण्यावरच अवलंबून असते. शेजारच्या दहा विहिरी एकाच भूजलातून उपसा करीत असतील, तर एकट्या शेतकऱ्याची काटकसर पुरेशी ठरत नाही. हिशेब सर्वांनी मिळूनच करावा लागतो.

छतावरचे पाणी विहिरीत सोडणे, गावतळ्यातील गाळ काढणे, ओढ्याच्या पात्रात बांधकाम होऊ न देणे ही कामे दिसायला लहान आहेत. परंतु नदीचे आरोग्य घडते ते अशाच असंख्य ठिकाणी, काठापासून दूर. आपले घर कोणत्या नदीच्या पाणलोटात येते, एवढे प्रत्येकाने जाणून घेतले, तरी या कामाची सुरुवात झाली असे म्हणता येईल.