तांत्रिक मुलाखत आणि आपला विद्यार्थी

महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून या वसतिगृहात आलेले आमच्यापैकी काहीजण आज संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे काम करतात. त्या नोकरीसाठी हिंजवडी अथवा नवी मुंबई येथे तांत्रिक मुलाखती द्याव्या लागल्या. तेथे पदवीपेक्षा विचार करण्याची रीत तपासली जाते. पहिल्या मुलाखतीत आम्ही नापास झालो, ते उत्तर येत नव्हते म्हणून नव्हे. मनात येईल ते बोलून दाखविण्याचे धैर्य नव्हते म्हणून.

एक उदाहरण घेऊ. १००० नावांच्या यादीतून एक नाव शोधावयाचे आहे. पहिल्यापासून पाहू लागल्यास प्रसंगी सर्व १००० नावे पाहावी लागतील. परंतु यादी अकारविल्हे असेल, तर मधले नाव पाहावे आणि आपले नाव त्याच्या आधी येते की नंतर, हे ठरवून अर्धी यादी सोडून द्यावी. १००० चे ५००, ५०० चे २५० असे करीत जास्तीत जास्त १० वेळा पाहून काम होते. यादी १० लाखांची झाली, तरी २० वेळा पाहणे पुरते. या रीतीस बायनरी सर्च म्हणतात.

मात्र यादी क्रमाने लावलेली आहे किंवा नाही, हे प्रश्नकर्ता अनेकदा मुद्दाम सांगत नाही. उमेदवाराने ते विचारावे, अशी त्याची अपेक्षा असते. विस्कळीत यादीवर ही रीत फसते. आम्हांस नेमके हेच जड गेले. प्रश्न विचारला तर आपले अज्ञान उघडे पडेल, ही भीती मनात घर करून होती.

वास्तविक ही भीती आपला वारसा नव्हे. केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये, असा उपदेश तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी याच महाडात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन परंपरेलाच प्रश्न विचारला.

म्हणून सायंकाळच्या अभ्यासाच्या वेळी मोठ्या मुलाने लहान मुलाला गणित मोठ्याने बोलत सोडवून दाखवावे. अडल्यास 'येत नाही' म्हणावे; पण पुढे काय करून पाहणार, हेही सांगावे. भाषा मोडकी असली तरी निभावते, विचाराच्या पायऱ्या गाळून निभावत नाही. पालकांनी पहिल्या नकाराने खचू नये. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक रविवार येथे येऊन सराव मुलाखती घ्याव्यात. बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ लोणेरे येथे, आपल्या दाराशी आहे. तिथवर पोहोचलेल्या मुलासाठी पुढचे दार निव्वळ संकोचापायी बंद राहू नये.