मुक्त ज्ञानकोशातील मानसिक आरोग्यविषयक लेख : सुधारणेची गरज आणि पद्धती

घरातील एखाद्या व्यक्तीला मानसिक आजार असल्याचे समजते, तेव्हा कुटुंबीयांच्या मनात प्रश्नांची गर्दी होते. हा आजार बरा होतो का? औषधे किती काळ घ्यावी लागतात? मुलाबाळांना तो होईल का? शिक्षण, नोकरी, लग्न यांचे काय? आजार मधुमेहाचा किंवा हृदयाचा असता, तर हे प्रश्न शेजारीपाजारी व नातेवाईक यांच्याशी मोकळेपणाने बोलले गेले असते. मानसिक आजाराच्या बाबतीत मात्र ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने तोंड मिटले जाते आणि उत्तरांचा शोध एकांतात, मोबाईलच्या पडद्यावर सुरू होतो. या शोधात आजाराच्या नावासोबत बहुधा सुरुवातीलाच समोर येतो तो विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशातील लेख.

बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. आजारांच्या प्रकारानुसार त्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत योग्य उपचार पोहोचत नव्हते. डॉक्टरांची व रुग्णालयांची कमतरता हे याचे एक कारण आहे. अज्ञान आणि लाज ही दुसरी कारणे आहेत. पहिल्या कारणावर पैसा व मनुष्यबळ लागते. दुसऱ्यावर काही अंशी तरी शुद्ध, सोप्या आणि सहृदय माहितीने मात करता येते. म्हणूनच हा विषय आपल्या हितचिंतकांपुढे मांडणे उचित वाटते.

ज्ञानकोशाची घडण

विकिपीडियाचा आरंभ १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. मराठी विश्वकोशासारख्या पारंपरिक ग्रंथात नियुक्त तज्ज्ञ नोंद लिहितो, संपादक मंडळ ती तपासते आणि मगच ती छापली जाते. मुक्त ज्ञानकोशात कोणीही वाचक ‘संपादन’ या कळीवर बोट ठेवून मजकूर बदलू शकतो. प्रत्येक बदलाची नोंद ‘इतिहास’ या पानावर राहते, मतभेदांचा ऊहापोह ‘चर्चा’ या पानावर होतो आणि चुकीचा बदल कोणालाही मागे फिरवता येतो.

या व्यवस्थेचे तीन आधारस्तंभ वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पहिला, तटस्थ दृष्टिकोन. दुसरा, प्रत्येक विधान प्रकाशित संदर्भाच्या आधारे पडताळता येणे. तिसरा, लेखकाने स्वतःचे संशोधन वा अनुभव लेखात न घालणे. वैद्यकीय लेखांसाठी इंग्रजी विकिपीडियावर याहून कडक संकेत आहेत. वर्तमानपत्रातील बातमी किंवा एखादा सुटा प्रयोग तेथे पुरेसा मानला जात नाही. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा, मान्यवर पाठ्यपुस्तके आणि जागतिक आरोग्य संघटनेसारख्या संस्थांची मार्गदर्शक तत्त्वे यांना प्राधान्य दिले जाते.

अशा खुल्या पद्धतीतून विश्वासार्ह माहिती निर्माण होते काय, ही शंका रास्त आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील निकोला रीव्हली, अँथनी जॉर्म व त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैराश्य व स्किझोफ्रेनिया यांविषयीच्या दहा विषयांवरील माहिती तपासली. विकिपीडिया, इतर संकेतस्थळे, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका आणि मनोविकारशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक यांची तुलना करण्यात आली. अचूकता, अद्ययावतता, व्याप्ती व संदर्भ या कसोट्यांवर विकिपीडिया सर्वसाधारणपणे इतरांच्या बरोबरीचा किंवा सरस ठरला. सुबोधता ही त्याची उणी बाजू होती. हा निष्कर्ष इंग्रजी लेखांपुरता आहे. तेथे संपादकांची फौज आहे. मराठीत हे काम करणारे हात थोडे आहेत, आणि संपादक थोडे असले की एखादी चूक दीर्घकाळ तशीच राहण्याचा धोका वाढतो.

शब्दांची निवड

मराठीतील पहिली अडचण परिभाषेची आहे. इंग्रजी लेख यंत्राच्या साहाय्याने जसाच्या तसा उतरवला, तर ‘भास’ आणि ‘भ्रम’ यांची सरमिसळ होते. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे हा भास होय. शेजारी आपल्यावर विषप्रयोग करीत आहेत अशी, पुराव्याने न ढळणारी खोटी खात्री हा भ्रम होय. आईवडिलांना मुलाची लक्षणे डॉक्टरांपुढे नीट सांगता यावीत, यासाठी हा भेद स्पष्ट असणे अगत्याचे आहे.

दुसरा शब्द ‘मनोविकृती’. शास्त्रीय लेखनात तो काही गंभीर आजारांसाठी वापरला जातो. परंतु बोलण्यात ‘विकृत’ म्हणजे नीच वृत्तीचा, असा अर्थ रूढ झाला आहे. लेखाच्या पहिल्याच ओळीत हा शब्द वाचणाऱ्या बहिणीला आपल्या भावावर शिक्का बसल्यासारखे वाटते. तेथे ‘मनोविकार’ किंवा ‘गंभीर मानसिक आजार’ असे लिहिल्याने शास्त्राचे काही बिघडत नाही. त्याचप्रमाणे बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या भिन्न गोष्टी आहेत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या व्याख्येतही हा भेद केलेला आहे.

एका लेखाचे उदाहरण

स्किझोफ्रेनियावरील लेख सुधारावयाचा आहे असे समजू. हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये योजले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘दुभंगलेले मन’ असा होतो आणि त्यातूनच ‘एका माणसात दोन माणसे’ असा गैरसमज पसरला. वास्तविक या आजारात विचार, भावना व वास्तवाचे भान यांचा मेळ सुटतो. दुहेरी व्यक्तिमत्त्वाशी त्याचा संबंध नाही. लेखाच्या आरंभीच हा खुलासा हवा.

पुढची तपासणी अद्ययावततेची. जुन्या पुस्तकांत या आजाराचे संशयप्रधान, विस्कळीत, ताठरलेला असे पोटप्रकार आढळतात. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात हे पोटप्रकार वगळण्यात आले आहेत. लेखात ते सद्यःस्थिती म्हणून दिले असतील, तर ‘इतिहास’ या विभागात हलवावेत.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३०० व्यक्तींमागे एकीला हा आजार आहे. हा आकडा वाचून कुटुंबाला आपण एकटे नाही हे उमगते. मराठी वाचकाला जवळचे संदर्भही देता येतील. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट याच आजारावर आहे आणि लेखाच्या ‘समाज व संस्कृती’ या भागात त्याची नोंद शोभून दिसेल.

औषधांविषयी लिहिताना

नैराश्यावरील लेखांत ‘मेंदूतील सेरोटोनिन कमी झाल्याने हा आजार होतो’ असे सरळसोट वाक्य अनेकदा आढळते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात या कल्पनेला सुसंगत पुरावा मिळाला नाही. ‘म्हणजे औषधे निरुपयोगी’ असा अर्थ मात्र कोणी काढू नये. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ५२२ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, प्रौढांच्या नैराश्यावरील २१ औषधे नकली गोळीपेक्षा अधिक परिणामकारक ठरली, जरी सरासरी फरक माफक होता. कारण नेमके न उलगडता उपचार उपयोगी ठरणे वैद्यकशास्त्रात नवीन नाही. जबाबदार लेखात ही दोन्ही विधाने शेजारी शेजारी असावीत. पहिलेच विधान वाचून एखाद्या रुग्णाने गोळ्या अचानक बंद केल्या, तर त्याची किंमत त्याचे घर मोजते.

विकिपीडियाच्या वैद्यकीय लेखनसंकेतानुसार औषधाचे डोस सहसा लेखात दिले जात नाहीत, हे योग्यच आहे. परंतु लिथियमसारखे औषध घेताना रक्तातील त्याचे प्रमाण, तसेच मूत्रपिंड व थायरॉईड यांचे कार्य वेळोवेळी तपासावे लागते, ही माहिती अवश्य असावी. तिच्यामुळे कुटुंबीय पुढच्या भेटीत डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारू शकतात.

आत्महत्येचा विषय

या विषयावरील लेखनाला अधिक संयम लागतो. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात भुयारी रेल्वेतील आत्महत्यांच्या भडक बातम्यांविरुद्ध १९८७ मध्ये मार्गदर्शक सूचना देण्यात आल्या. वृत्तपत्रांनी त्या पाळल्यानंतर त्या ठिकाणच्या आत्महत्यांत लक्षणीय घट झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचनांचाही गाभा हाच आहे: पद्धतीचे वर्णन टाळावे, एकच कारण सांगून विषय संपवू नये, मदतीचा मार्ग नमूद करावा. शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे.

कायद्याची माहिती

अनेक लेखांतील सर्वांत दुबळा भाग कायद्याचा असतो. १९१२ च्या कायद्याची जागा १९८७ च्या कायद्याने घेतली आणि २०१७ चा अधिनियम २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार व्यक्तीला भविष्यातील उपचारांबाबत आगाऊ निर्देश देता येतात, आपला प्रतिनिधी नेमता येतो आणि समाजात राहण्याचा हक्क मिळतो. भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचे उपचार करण्यास, तसेच रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. या शेवटच्या तरतुदीमागे दुःखद पार्श्वभूमी आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत, साखळ्यांनी बांधलेल्या अनेक रुग्णांना पळताही आले नाही आणि त्यांचा मृत्यू झाला. आपला हक्क कोठे लिहिलेला आहे हे ठाऊक नसलेल्या कुटुंबासाठी लेखातील असा एक परिच्छेद आधाराचा ठरू शकतो.

सुधारणेच्या पायऱ्या

या कामात सहभागी होऊ इच्छिणाऱ्यांनी पुढील क्रम पाळावा.

१. प्रथम लेख पूर्ण वाचावा. ‘इतिहास’ व ‘चर्चा’ ही पाने पाहावीत.
२. लक्षणे, कारणे, निदान, उपचार, पुढील वाटचाल, प्रमाण, इतिहास, समाज असे विभाग आहेत की नाहीत ते तपासावे.
३. संदर्भ नसलेल्या विधानाला आधार शोधावा. तो न मिळाल्यास चर्चापानावर विचारणा करावी.
४. एका वेळी एकच छोटी सुधारणा करावी आणि तिचे कारण थोडक्यात नोंदवावे.
५. पुस्तकातील वा पत्रकातील मजकूर जसाच्या तसा उतरवू नये. तो स्वामित्वहक्काचा भंग ठरतो.
६. कोणाही रुग्णाची कहाणी, नाव बदलूनसुद्धा, लेखात घालू नये.
७. आपल्या रुग्णालयाची वा डॉक्टरांची प्रशंसा लिहू नये. संस्थेशी संबंध असल्यास तो उघड सांगावा.

मतभेद होतील हे गृहीत धरावे. २००९ मध्ये कॅनडातील डॉ. जेम्स हाइलमन यांनी रोर्शाक कसोटीतील दहाही शाईचे डाग विकिपीडियावर ठेवले. कसोटी निरुपयोगी होईल, असा अनेक मानसशास्त्रज्ञांचा आक्षेप होता. १९२२ मध्ये निधन पावलेल्या रोर्शाक यांच्या त्या चित्रांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. तो वाद खुल्या चर्चेत, कारणे देऊन लढवला गेला. मतभेद हाताळण्याची हीच रीत आहे.

समारोप

सर्वांत उत्तम लेखही तज्ज्ञाच्या भेटीची जागा घेऊ शकत नाही. निदान हे व्यक्तीशी बोलून, तिची पार्श्वभूमी समजून घेऊन होते. लेखाने एवढेच साधावे की वाचणारा मनुष्य न घाबरता आणि न लाजता रुग्णालयाची पायरी चढेल.

यात प्रत्येकाला वाटा उचलता येईल. डॉक्टरांनी व परिचारिकांनी अचूकता पाहावी. मराठीचे शिक्षक व निवृत्त मंडळींनी भाषा सुबोध करावी. रुग्णांच्या नातेवाइकांनी आपल्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही ते चर्चापानावर लिहावे. ही उणीव त्यांच्याइतकी नेमकेपणाने दुसरे कोणी दाखवू शकणार नाही. विश्वस्त व देणगीदार यांनी ग्रंथालयात अद्ययावत पाठ्यपुस्तके आणि एक संगणक या कामासाठी उपलब्ध करून दिला, तरी मोठे साहाय्य होईल. औषधाच्या दानाइतकेच शुद्ध माहितीचे दानही पुण्यप्रद आहे, आणि ते दिल्याने कमी होत नाही. सुजाण वाचकांनी आपल्या सवडीने एका तरी लेखाची जबाबदारी स्वीकारावी, ही नम्र विनंती.