एक यंत्र, दोन गावे

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्याची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. लेख एकाच ठिकाणी असला, तर तो एका घटकेत नष्ट होऊ शकतो, हा बोध त्या कथेतून घेता येतो.

आज निर्मलच्या एखाद्या गृहस्थाने राष्ट्रीय शेअर बाजारात शेअर घेतला, तर तो सौदा मुंबईतील संगणकांवर होतो. तेथे संकट ओढवले तर? म्हणून चेन्नई येथे पर्यायी केंद्र सज्ज ठेवलेले असते.

संगणकाची नक्कल कशी करतात, ते पाहू. एका मोठ्या संगणकात आज्ञावलीच्या साहाय्याने अनेक लहान संगणक निर्माण करता येतात. त्यांस आभासी यंत्रे म्हणतात. असे यंत्र म्हणजे केवळ काही फायली होत. म्हणूनच ते तारेवरून परगावी धाडता येते. प्रथम संपूर्ण नक्कल जाते, पुढे जेवढा भाग बदलला तेवढाच.

नक्कल धाडण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात दुसऱ्या केंद्राची पोच आल्यावरच नोंद पक्की होते. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो. मुंबई-चेन्नई अंतर सुमारे १,००० किलोमीटर, जाऊन-येऊन २,०००. म्हणजे प्रत्येक नोंदीस किमान एक शतांश सेकंद खोळंबा! दुसऱ्या प्रकारात नोंद आधी पक्की होते व नक्कल मागाहून जाते. तेव्हा अपघातात शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी गमावण्याचा संभव असतो. यास्तव दूरच्या केंद्राखेरीज जवळही एक केंद्र असावे, असा सेबीचा दंडक आहे.

परंतु नक्कल असणे निराळे आणि ती वेळेवर उपयोगी पडणे निराळे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचाराच्या तारांत बिघाड होऊन या बाजाराचे व्यवहार सुमारे चार तास बंद पडले. तथापि कामकाज चेन्नईस हलविले गेले नाही. पुढे २ मार्च २०२४ रोजी, शनिवार असूनही, खास सत्र भरवून प्रथम मुख्य केंद्रावरून व नंतर पर्यायी केंद्रावरून प्रत्यक्ष व्यवहार करून पाहण्यात आले.

आणखी एक सावधगिरी हवी. नक्कल चुकीचीही होते! मूळ यंत्रात पुसलेली नोंद दुसरीकडेही पुसली जाते. म्हणून जुन्या प्रतीही निराळ्या जपाव्या लागतात.

सारांश, प्रत ठेवावी, ती दूर ठेवावी आणि ती चालते की नाही, हे संकटापूर्वीच पडताळून पाहावे.