डी-डायमर वाढला म्हणजे गाठ झालीच का?

प्रश्न : आईचं वय 72. आठवडाभर डावी पोटरी सुजली आहे. डी-डायमर 640 आला, पुढे लाल खूण आहे. रक्ताची गाठ समजायची का? – एक वाचक, चिरनेर

उत्तर : एवढ्यावरून नाही. गुठळीतलं फायब्रिन विरघळताना उरणारा तुकडा म्हणजे डी-डायमर. तो ताप-संसर्ग, शस्त्रक्रिया, कर्करोग, गरोदरपण, नुसतं वय यांनीही वाढतो. कोविडच्या काळात हे नाव घरोघरी पोचलं, भीतीसकट. ही चाचणी खरी उपयोगी पडते ती गाठ नाही हे सांगायला, तेही शक्यता मुळात कमी असेल तेव्हाच.

आधी रिपोर्टवरचं एकक बघा. ‘एफईयू’मध्ये नेहमीची मर्यादा 500 नॅनोग्रॅम प्रति मिली, पन्नाशीनंतर अनेक डॉक्टर वयाची दहापट धरतात, म्हणजे आईंसाठी 720. त्या हिशेबात 640 चालेल. पण एकक ‘डीडीयू’ असेल तर तोच आकडा जवळपास दुप्पट धरावा लागतो, आणि मग तो जास्तच ठरतो.

तरीही माझं लक्ष आकड्यापेक्षा पायावर आहे. एकच पोटरी दुसरीपेक्षा 3 सेंटीमीटरहून जाड, दाबल्यावर दुखणारी, किंवा नुकतंच अंथरुणाला खिळणं झालेलं असेल, तर आकडा काहीही असो, पनवेल-उरणला नेऊन शिरांची डॉपलर सोनोग्राफी करा. ती स्वच्छ आली आणि शंका उरली, तर आठवड्याने पुन्हा.

तोवर पोटरी चोळू नका. धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीतून रक्त आलं, तर सोनोग्राफीची वाट न पाहता 108 ला फोन करा.