पिंपळपानाच्या जाळीचे भित्तिचित्र

आपल्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला एक पाठ गेली अनेक वर्षे नेमाने घेतला जातो : पिंपळाच्या पानाची जाळी काढून तिचे भित्तिचित्र तयार करणे. माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना तो स्मरत असेल. निदान न्हाणीघरामागे ठेवलेल्या बादलीचा वास तरी कोणी विसरला नसेल. पालकांनाही घरी मुलांसमवेत हे काम करता यावे, म्हणून तो पाठ येथे सविस्तर लिहीत आहे. पुढे एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे या पाठात एक बदल करावा लागला. तो बदल अखेरीस सांगतो.

पिंपळाचेच पान का?

पानाचे स्थूलमानाने दोन भाग असतात. एक मऊ गर, म्हणजे हरितद्रव्य असलेल्या पेशी. आणि दुसरा, पाणी व अन्नरस वाहून नेणाऱ्या शिरा. शिरांमध्ये लिग्निन नावाचे चिवट द्रव्य असते. पान पाण्यात भिजत ठेवले, की पाण्यातील सूक्ष्म जिवाणू गर लवकर कुजवतात. लिग्निनयुक्त शिरा मात्र दीर्घकाळ टिकतात. पिंपळाच्या पानात शिरांचे जाळे विशेष दाट आणि मजबूत असते, ते थेट कडेपर्यंत पोहोचलेले असते. म्हणून त्याची जाळी अखंड निघते. शिवाय त्याचा हृदयाकार आणि शेपटीसारखे लांब टोक यांमुळे एकच पानसुद्धा चित्र म्हणून पुरेसे होते.

या पानाशी आपले नातेही जुने आहे. बोधगयेचा बोधिवृक्ष हा पिंपळच. सांचीच्या तोरणांवर शिल्पकारांनी भगवान बुद्धांची मूर्ती न कोरता वृक्ष आणि रिकामे आसन कोरून त्यांचे अस्तित्व सूचित केले. भारतरत्न या सन्मानाचे पदकही पिंपळपानाच्या आकाराचे आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तो सन्मान १९९० मध्ये मरणोत्तर देण्यात आला. वर्गात ही माहिती सांगितली, की मुले हातातील पानाकडे पुन्हा एकदा निरखून पाहतात.

साहित्य

पिंपळाची आठ-दहा पाने, झाकणाची जुनी बादली, दातांचा जुना मऊ ब्रश, पसरट ताट, कोऱ्या वहीची पाने, खोक्याचा जाड पुठ्ठा, काळा किंवा गडद निळा कार्डपेपर, फेविकॉल, स्पंजाचा तुकडा, सुतळी. नव्या शर्टाच्या खोक्यावरचे पारदर्शक झाकण मिळाल्यास काचेचे काम भागते. यांतील कार्डपेपर आणि फेविकॉल एवढेच विकत आणावे लागते. बाकी सारे घरातच सापडते.

कृती

पाने पूर्ण वाढलेली, जाडसर व गडद हिरवी घ्यावीत. कोवळी तांबूस पाने मुळीच घेऊ नयेत. त्यांच्या शिरा पुरेशा बळकट झालेल्या नसतात. भोके पडलेली वा डागाळलेली पानेही टाळावीत. आठ पाने भिजवली, तर त्यांतील तीन-चारच निर्दोष उतरतील, असे धरून चालावे.

बादलीत पाणी भरून पाने बुडवावीत आणि वर लहानसा दगड ठेवावा. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलावे, म्हणजे दुर्गंधी कमी होते. उन्हाळ्यात साधारण तीन आठवड्यांत, थंडीत त्याहून अधिक दिवसांत गर सुटू लागतो. पान बोटांमध्ये धरून चोळले असता वरची साल सरकली, की ते तयार झाले असे समजावे.

इतके दिवस थांबणे शक्य नसेल, तर एक लिटर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून पाने मंद आचेवर तास-दीड तास उकळावीत. हे काम मोठ्या माणसांनीच करावे. भांडे स्टीलचे असावे. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे सोड्याने खराब होते. खाण्याचा सोडा निराळा; त्याने हे काम साधत नाही. सोड्याच्या पाण्यात उघडे हात घालू नयेत. गार झाल्यावर पाने स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा धुवावीत.

यानंतरचे काम सर्वांत नाजूक. ताटात बोटभर पाणी घेऊन त्यात पान पसरावे आणि मधल्या शिरेपासून कडेकडे ब्रशने हळूहळू थोपटावे. घासू नये, घासले की जाळी फाटते. एक बाजू झाली, की पान ताटातच उलटवून दुसरी बाजू साफ करावी. गर जेथे चिकटून राहील, तेथे जोर न लावता पान पुन्हा चार दिवस पाण्यात ठेवावे. बहुतेक पाने अखेरच्या दोन मिनिटांतील घाईमुळे फाटतात, असा आमचा अनुभव आहे.

निथळलेली जाळी कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तके रचावीत. छापील वर्तमानपत्र वापरू नये. त्याची शाई ओल्या जाळीला लागते. दोन दिवसांनी जाळी फिकट बदामी रंगाची आणि कोरडी होते.

आता पुठ्ठा साधारण ३० बाय २१ सेंटीमीटर आकाराचा कापून त्यावर गडद कार्डपेपर चिकटवावा. फेविकॉलमध्ये तितकेच पाणी मिसळून ते स्पंजाने जाळीच्या मागील बाजूस अगदी पुसट लावावे आणि जाळी कागदावर टेकवावी. चारही कडांना दोन सेंटीमीटर रुंदीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवल्या, की चौकट तयार होते. मागे सुतळी बांधावी. चौकटीच्या मागील खालच्या दोन कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे दुहेरी तुकडे चिकटवावेत; म्हणजे चौकट आणि भिंत यांत थोडी पोकळी राहते आणि पावसाळ्यातील ओल चित्रापर्यंत लवकर पोहोचत नाही.

एक प्रश्न

पूर्वी हा पाठ येथेच संपत असे. एका वर्षी सातवीतल्या एका मुलाने सर्वांहून सुबक जाळी काढली. पानाचे टोकही शाबूत होते. चौकट बांधायची वेळ आली तेव्हा तो पुठ्ठा हातात धरून नुसताच उभा राहिला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. गावातील घर वर्षातले पाच-सहा महिने कुलपात असे आणि सुट्टीत तो कारखान्याच्या तळावरच्या कोपीत जात असे. तो म्हणाला, "सर, आमच्या कोपीला भिंत पाचटाची असते. हे मी कुठं लावू?"

मला उत्तर सुचले नाही. भित्तिचित्राचा पाठ देताना प्रत्येकाच्या घरी खिळा ठोकण्याजोगी भिंत असणारच, हे मी गृहीत धरले होते. दुसऱ्या दिवशी त्यानेच मार्ग काढला. कार्डपेपर वहीच्या अर्ध्या पानाएवढा कापला, त्यावर जाळी चिकटवली, वर पारदर्शक झाकणाचा तुकडा बसवला आणि ते आपल्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून लावले. पेटी उघडली, की चित्र समोर येई. शाळेत, गावात, तळावर, जेथे पेटी जाईल तेथे ते त्याच्याबरोबर जात असे.

तेव्हापासून या पाठाचा क्रम बदलला आहे. पान निवडण्यापूर्वी प्रत्येक मुलाला विचारले जाते : हे चित्र तू कोठे लावणार? कोणी भिंत सांगते, कोणी दाराची फळी, कोणी पेटीचे झाकण. पालकांनीही घरी हे काम आरंभताना आपल्या मुलाला प्रथम हेच विचारावे. जागा ठरली, की त्या मापाचा पुठ्ठा कापावा आणि त्याला शोभेल एवढेच पान शोधावे.