रोजचा आरसा : राहुलाला दिलेला धडा



14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना त्रिसरण, पंचशील व बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी अलीकडे तीच दीक्षा घेतली आहे. पंचशील आता घरातील लहान मुलांनाही तोंडपाठ आहे. ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पाठ झालेले शील आचरणात उतरले की नाही, हे कशावरून ओळखावे? देव्हारा गेला, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लागली; पण संध्याकाळी घरात तीच दारू, तीच शिवीगाळ आणि लग्नासाठी तेच सावकाराचे कर्ज असेल, तर बदलले काय? आपली मुले आपल्या गाथा ऐकतात, पण शिकतात ती आपल्या वागण्यावरून.

शील आचरणात कसे आणावे, याचा धडा भगवान बुद्धांनी आपला पुत्र राहुल याला दिला आहे. मज्झिम निकायातील 61 व्या सुत्तात तो आला आहे. राहुल तेव्हा राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे राहत होता. भगवंत त्याच्याकडे गेले. पाय धुऊन भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून त्यांनी खोटे बोलण्याचा दोष समजावला. मग त्यांनी आरशाचा उपयोग काय, असे विचारले. आरसा पाहण्यासाठी असतो. तसेच माणसाने आपले प्रत्येक कर्म वारंवार पाहून करावे, असा त्यांचा उपदेश आहे.

हे पाहणे तीन वेळा करावयाचे आहे : कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि करून झाल्यावर. कर्मही तीन प्रकारचे : शरीराचे, वाणीचे व मनाचे. प्रश्न मात्र एकच. या कर्माने माझे, दुसऱ्याचे किंवा दोघांचेही अहित होते काय? होणार असेल तर ते करू नये. चालू असेल तर थांबवावे. शरीराची वा वाणीची चूक होऊन गेली असेल, तर ती शास्त्याजवळ किंवा सुज्ञ सोबत्याजवळ उघड करावी व पुढे संयम ठेवावा. मनात वाईट विचार आला असेल, तर त्याची लाज बाळगावी. आणि कर्म चांगले झाले असेल, तर आनंदाने तोच अभ्यास पुढे चालवावा.

हा धडा केवळ भिक्षूंचा आहे, असे कोणी म्हणू नये. राजस्थानात बैराट येथे सापडलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने सात धम्मवचने सांगितली आहेत. त्यांत खोटे बोलण्यासंबंधी राहुलाला केलेला उपदेश आहे. भिक्षु-भिक्षुणींप्रमाणे उपासक व उपासिकांनीही ती ऐकावी आणि त्यांवर विचार करावा, अशी इच्छा त्याने व्यक्त केली आहे. म्हणजे इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकातच हा धडा गृहस्थांच्या हाती दिला गेला होता.

आज्ञा न देता प्रश्न का विचारावा? बाबासाहेबांनी 1936 सालच्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात नियम आणि तत्त्व यांतील भेद स्पष्ट केला आहे. नियमाने वागणारा सांगितले तेवढे करतो. तत्त्वाने वागणाऱ्याला स्वतः विचार करावा लागतो, म्हणून जबाबदारीही त्याचीच असते. रोज स्वतःला प्रश्न विचारणे ही त्या जबाबदारीची सवय आहे.

आता हे घरी कसे करावे ते पाहू. शाळेची एक साधी वही घ्या. डाव्या बाजूस प्रश्न लिहा, पुढे आठवड्याचे सात रकाने आखा. रात्री निजण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी खूण करा. प्रश्न पंचशीलावरूनच घ्यावेत :

1. राग आला तेव्हा मी हात आवरला काय?
2. ज्याचे त्याला दिले काय? मजुराची मजुरी, उसने पैसे, कामाचा वेळ?
3. पती-पत्नी म्हणून एकमेकांचा विश्वास व मान राखला काय?
4. खोटे, चहाडी व शिवी यांपासून जीभ दूर ठेवली काय?
5. गुत्त्याची वाट टाळून सरळ घरी आलो काय?

सहावा प्रश्न आपल्या घराच्या गरजेप्रमाणे ठरवा. उदाहरणार्थ, मोबाईल बाजूला ठेवून मुलांच्या अभ्यासाजवळ अर्धा तास बसलो काय?

प्रश्न करताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रश्न लहान असावा. ‘मी चांगला माणूस झालो काय?’ याला खूण करता येत नाही. तो आपल्या हातातील गोष्टीचा असावा. मुलाला किती गुण मिळाले हे आपल्या हाती नाही, त्याच्याजवळ बसणे आहे. आणि तो स्वतःविषयीच असावा. नवऱ्याने बायकोची वही तपासू लागणे म्हणजे जुनीच सत्ता नव्या नावाने चालविणे होय. आरशात ज्याने त्याने आपलेच तोंड पाहावे.

वहीत ‘नाही’च्या खुणा पडतील. पडू द्या. हे परीक्षेचे गुण नव्हेत आणि पापाचा हिशेबही नव्हे. येथे क्षमा मागण्यासाठी देव नाही व दक्षिणा घेऊन दोष धुणारा भटजीही नाही. ‘नाही’ कोणत्या वारी पडते ते पाहा. पगाराच्या दिवशीच गुत्त्याची वाट धरली जात असेल, तर त्या दिवशी कोणाबरोबर व कोणत्या रस्त्याने परतावे, हे आधीच ठरविता येते. सम्यक् व्यायामाचे चार भाग असेच आहेत : न आलेले अकुशल येऊ न देणे, आलेले टाकणे, नसलेले कुशल उत्पन्न करणे आणि असलेले टिकविणे.

पौर्णिमेला वंदनेनंतर घरातील सर्वांनी एकत्र बसावे. ज्याला इच्छा असेल त्याने आपल्या वहीतून एक सुधारलेली व एक राहिलेली गोष्ट सांगावी. इतरांनी हसू नये, टोमणा मारू नये. चूक उघड करण्यास सुज्ञ सोबती लागतो. तो आपल्याच घरात मिळाला, तर मुलांना खरे बोलण्याची भीती राहणार नाही.

वही आजच आखा. सहा प्रश्न जड वाटत असतील, तर एकाच प्रश्नाने सुरुवात करा.