पोटाचं डायलिसिस, पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग आणि ‘इम्युनिटी बूस्टर’



‘मूत्रपिंड’ आणि ‘रोगप्रतिकारशक्ती’ हे दोन पाठ आपण वेगवेगळे शिकवतो. पेरिटोनियल डायलिसिसच्या, म्हणजे पोटाच्या डायलिसिसच्या रुग्णाकडे पाहिलं की ते एकमेकांत गुंतलेले दिसतात.

यात पोटात एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून ग्लुकोज असलेलं द्रावण आत सोडतात. पोटाच्या पोकळीचं पातळ अस्तर चाळणीचं काम करतं. काही तासांनी रक्तातली घाण घेऊन ते द्रावण बाहेर येतं. हाताने पिशवी बदलणाऱ्या मोठ्या माणसाला हे साधारणपणे दिवसातून ४ वेळा करावं लागतं. म्हणजे महिन्याला १२० वेळा नळी उघडते, आणि दर वेळी जंतूंना आत शिरायची संधी मिळते.

शरीर लढत का नाही?

रक्तात साठलेल्या घाणीमुळे पांढऱ्या पेशी मंदावतात. शिवाय पोटातल्या रक्षक पेशी, प्रतिपिंडं आणि प्रथिनं प्रत्येक पिशवीबरोबर वाहून जातात.

मग प्रतिकारशक्तीचं औषध द्यावं का?

घरच्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण कुठल्याही काढ्याने किंवा पावडरीने हा संसर्ग टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. उलट, करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका.

तोच जंतू पुन्हा पुन्हा सापडत असेल, तर तो बऱ्याचदा नळीच्या आत चिकट थर करून बसलेला असतो. तिथे औषध नीट पोचत नाही. अशा वेळी नळीच काढावी लागते.

खरी मदत कशाची होते?

१. साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, मास्क लावून आणि पंखा बंद ठेवून पिशवी बदलणे.
२. नळी जिथून बाहेर येते तिथे डॉक्टरांनी सांगितलेलं मलम लावणे.
३. हिपॅटायटिस बी, फ्लू आणि न्यूमोकोकलच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे.
४. वाहून जाणारी प्रथिनं आहारातून भरून काढणे. किती, ते आहारतज्ज्ञ सांगतात.

तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी असा रुग्ण असेल, तर त्याला एक सोपी परीक्षा शिकवा. बाहेर आलेल्या द्रावणाच्या पिशवीखाली वर्तमानपत्र ठेवायचं. अक्षरं स्पष्ट वाचता आली नाहीत, म्हणजे द्रावण गढूळ आहे. मग पोट दुखो वा न दुखो, ती पिशवी घेऊन ताबडतोब दवाखाना गाठायचा.